मळी, काकवी व गूळ : भाजीपाल्याच्या जमिनीत त्यांचा योग्य उपयोग

पुणे शहराच्या पूर्वेकडील हडपसर व मांजरी या भागाचा उसाशी आणि भाजीपाल्याशी जुना संबंध आहे. खडकवासला धरणातून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर येथील जमिनीत बागायत वाढली. उसाविषयी संशोधन व शिक्षण देणारी, १९७५ साली स्थापन झालेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्थाही मांजरी बुद्रुक येथेच आहे. अनेक मळ्यांच्या जागी आता इमारती उभ्या आहेत. तथापि उरलेल्या शेतांत, परसात आणि गच्चीवरील कुंड्यांतही भाजीपाला पिकविणारी कुटुंबे येथे आहेत. मळीचे किंवा गुळाचे पाणी घातल्याने पीक जोमाने वाढते, फळ गोड होते, असे त्यांच्या कानावर येत असते. या म्हणण्यात तथ्य किती व गैरसमज किती, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण गोड द्रव्याचा उपयोग जसा होतो, तसा त्याचा अतिरेक पिकास बाधतोही.

मळी कशास म्हणावे?

उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे केल्यावर जो घट्ट, काळसर पाक मागे राहतो, ती मळी. रस गाळताना जो गाळ निघतो, त्यासही कित्येक ठिकाणी मळी असेच म्हणतात. परंतु तो पदार्थ निराळा असून त्यास प्रेसमड हे नाव रूढ आहे. प्रेसमड हे कुजवून शेतात घालण्याचे भरखत आहे. पाक हा पाण्यात विरघळणारा पदार्थ आहे. एकाचे प्रमाण दुसऱ्यास लावल्यास घोटाळा होतो. यास्तव सल्ला देण्यापूर्वी शेतकऱ्याजवळ कोणती मळी आहे, हे प्रथम विचारावे.

गुऱ्हाळात रस आटवीत असता गूळ होण्यापूर्वी जो दाट पाक मिळतो, ती काकवी. तिच्यातून साखर काढून घेतलेली नसते. म्हणून काकवीत व गुळात साखर अधिक, तर कारखान्याच्या मळीत क्षार अधिक असतात.

मळीपासून मद्यार्क तयार होत असल्यामुळे तिची साठवण, वाहतूक व विक्री यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण आहे. कारखान्यातून परस्पर पिंपे भरून आणणे योग्य नव्हे. परसबागेच्या किंवा दोन-चार गुंठ्यांच्या कामास काकवी अथवा साधा गूळ पुरेसा आहे.

मळीत काय असते?

कारखान्याच्या मळीत सुमारे निम्मा भाग शर्करा असते व सुमारे पाचवा भाग पाणी. उरलेल्या भागात क्षार व इतर सेंद्रिय द्रव्ये असतात. क्षारांमध्ये पालाश प्रमुख असून त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे शेकडा ३ ते ५ धरता येते. चुना व मॅग्नेशियम थोडे असते. नत्र शेकडा एकच्या आतबाहेर व स्फुरद त्याहूनही अल्प असते.

हे आकडे पाहून मळी हे पालाशाचे खत आहे, असे वाटण्याचा संभव आहे. येथे थोडा हिशेब करावा. कांद्यास हेक्टरी ५० किलो, म्हणजे एकरी सुमारे २० किलो पालाश देण्याची शिफारस आहे. मळीत शेकडा ४ पालाश धरले, तर एकरी १० किलो मळीतून केवळ ४०० ग्रॅम पालाश मिळेल. संपूर्ण गरज भागविण्यास ५०० किलो मळी लागेल आणि तिच्याबरोबर सुमारे अडीचशे किलो शर्करा जमिनीत जाईल. इतकी शर्करा पिकास हितकारक होण्याऐवजी घातक ठरण्याचीच भीती अधिक. मळीतील पालाशाचा लाभ घेण्याची निराळी रीत आहे. मळीवर चालणाऱ्या मद्यार्क कारखान्यांतील सांडपाणी जाळून उरणाऱ्या राखेपासून पालाशयुक्त खत तयार करतात. त्यात किमान शेकडा १४.५ पालाश असावे, असे प्रमाण ठरलेले असून २०२१ सालापासून त्याचा समावेश केंद्र शासनाच्या अन्नद्रव्याधारित अनुदान योजनेत झाला आहे.

गोड द्रव्य कोणाचे अन्न?

वनस्पती आपली साखर पानांत स्वतः तयार करतात. सूर्यप्रकाश, हवा व पाणी यांपासून ती बनते. मुळांवाटे गोड पाणी शोषून फळ गोड होत नाही. फळाची गोडी ही जात, ऊन, पानांचे आरोग्य, पालाशाचा पुरवठा आणि पक्व होतानाचे पाणी यांवर अवलंबून असते.

मग मळी घातल्याने काय होते? जमिनीतील जीवाणूंना आयते अन्न मिळते व त्यांची संख्या झपाट्याने वाढते. ते शेणखत, पालापाचोळा कुजवितात आणि त्यांतील अन्नद्रव्ये हळूहळू पिकास मिळू लागतात. म्हणजे मळीचा लाभ पिकास मिळतो, तो जीवाणूंच्या द्वारे. ज्या जमिनीत सेंद्रिय द्रव्यच नाही, तेथे जीवाणूंना कुजविण्यासारखे फारसे काही नसते. अशा जमिनीत केवळ गोड पाणी ओतणे हे व्यर्थ होय.

जीवाणूंच्या वाढीस नत्रही लागते. मळीत कर्ब पुष्कळ व नत्र थोडे असल्याने जीवाणू जमिनीतील नत्र उचलतात. काही काळ पिकास नत्र कमी पडते व जुनी पाने पिवळी पडू लागतात. जीवाणू मेल्यानंतर हे नत्र परत मोकळे होते. परंतु मेथी, पालक यांसारखी अल्प मुदतीची पिके तोवर मागे पडतात. उसाचे पाचट कुजविताना एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू संवर्धन वापरण्यास सांगितले जाते, त्यात युरिया असण्याचे कारण हेच आहे. कर्बाबरोबर नत्र दिले पाहिजे.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. शर्करा भरपूर मिळाली म्हणजे जीवाणू जमिनीतील प्राणवायू वेगाने वापरून टाकतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टोमॅटो, मिरची यांच्या लागवडीपूर्वी जमिनीत मळी व सेंद्रिय खत मिसळून, भरपूर पाणी देऊन, वर प्लास्टिक अंथरून जमिनीतील रोग कमी करण्याचे प्रयोग झाले आहेत. तेथे प्राणवायू नाहीसा करणे हाच हेतू असतो व जमीन रिकामी असते. उभ्या पिकात, ओलसर चिकण जमिनीत तोच प्रकार घडल्यास मुळे गुदमरतात.

भारतातही या विषयाचा अभ्यास जुना आहे. अलाहाबाद विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ नीलरत्न धर यांनी १९३० नंतरच्या दशकात ऊसर जमिनी सुधारण्यासाठी मळीचे प्रयोग केले. मळी कुजताना तयार होणारी आम्ले जमिनीतील चुनखडी विरघळवितात व मोकळा झालेला चुना चोपणपणा कमी करण्यास साहाय्य करतो. तथापि हे काम मोठ्या प्रमाणातील मळीचे व रिकाम्या जमिनीचे आहे. कालव्याच्या पाण्याने चोपण झालेल्या जमिनीत प्रथम निचऱ्याची व्यवस्था करावी आणि माती तपासून जिप्समची मात्रा ठरवावी.

वापरण्याच्या रीती

१. जीवामृत : मूळचे अमरावती जिल्ह्यातील श्री. सुभाष पाळेकर यांनी प्रसृत केलेल्या पद्धतीत २०० लिटर पाणी, १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचे पीठ व मूठभर जिवंत माती घेतात. मिश्रण सावलीत ठेवून रोज दोन वेळा ढवळावे. ४८ तासांनंतर ते एक एकरास पुरते. पिपाचे तोंड घट्ट बंद करू नये; गोणपाटाने झाकावे. ठिबकातून द्यावयाचे असल्यास बारीक गाळून घ्यावे. यात शेण असल्यामुळे कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाण्याच्या पाल्यावर ते शिंपडू नये, मुळाशीच द्यावे.

२. बीजप्रक्रिया : एक लिटर गरम पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून द्रावण पूर्ण थंड करावे. त्याच्या साहाय्याने २५० ग्रॅम जीवाणू संवर्धन १० ते १५ किलो बियाण्यास हलक्या हाताने चोळावे व बियाणे सावलीत सुकवावे. द्रावण गरम असल्यास जीवाणू मरतात.

३. कंपोस्ट : वाळलेला पाला व ओला कचरा यांचे थर देताना शेणकाल्यात थोडा गूळ किंवा काकवी मिसळून शिंपडावी. ढीग ओलसर ठेवावा, परंतु पाण्याने निथळू देऊ नये. परसबागेस ही रीत सर्वांत सुरक्षित होय. कारण शर्करेवरील जीवाणूंची धावपळ ढिगातच आटोपते.

४. कुंड्या : कुंडीत कंपोस्ट मिसळलेले असेल तरच एक लिटर पाण्यास २ ते ३ मिलिलिटर काकवी मिसळून पंधरा दिवसांतून एकदा द्यावी. ५ मिलिलिटरपेक्षा अधिक देऊ नये. कुंडीतील माती थोडी असल्यामुळे अतिरेकाचा परिणाम तेथे लवकर होतो.

घ्यावयाची काळजी

पानांवर गोड पाणी फवारू नये. त्यावर काळी बुरशी वाढते व मुंग्या येतात. मुंग्या मावा व पिठ्या ढेकूण यांचे रक्षण करतात. कोवळ्या रोपांस व पाणी साचलेल्या वाफ्यास गोड द्रावण देऊ नये. मातीस कुजका, आंबूस वास आल्यास देणे थांबवावे, माती हलवून मोकळी करावी व ती वाफशावर येऊ द्यावी.

प्रात्यक्षिक कसे घ्यावे?

कार्यकर्त्याने ऐकीव माहितीवर सल्ला देण्यापेक्षा शेतकऱ्याच्या वाफ्यातच तुलना करून दाखवावी. एकाच जातीच्या व एकाच दिवशी लावलेल्या पिकाचे तीन सारखे वाफे घ्यावेत. पहिल्यास नेहमीचे खत, दुसऱ्यास नेहमीच्या खताबरोबर कंपोस्ट, तिसऱ्यास खत, कंपोस्ट व काकवीचे पाणी द्यावे. पहिल्या दोन वाफ्यांसही तितकेच साधे पाणी द्यावे. तिन्हींचे उत्पन्न वजन करून लिहावे व गुळाचा, काकवीचा खर्च शेजारी मांडावा. दुसऱ्या व तिसऱ्या वाफ्यांत फरक दिसला, तरच तो काकवीचा गुण समजावा. पहिल्या व दुसऱ्यातील फरक हा कंपोस्टचा आहे. त्याचे श्रेय गुळास देऊ नये. हे प्रात्यक्षिक गावात दोन-तीन ठिकाणी घेतल्यास निष्कर्ष अधिक भरवशाचा होईल.

सारांश, शेणखत व कंपोस्ट यांची तरतूद आधी, माती-परीक्षणानुसार अन्नद्रव्ये त्यानंतर आणि गूळ किंवा काकवी शेवटी व थोडकीच, हा क्रम शेतकऱ्यांच्या मनावर बिंबवावा. ज्या घरी गूळ विकत आणावा लागतो, त्या घरी तो पैसा प्रथम कंपोस्टाच्या खड्ड्यावर खर्च होणे अधिक फायद्याचे आहे.