सणांचा फराळ आणि शरीराचें वजन

शाळेंतील पुस्तकांत आहाराचे नियम आपण वाचतों, परीक्षेंत ते लिहितों, आणि दिवाळीची सुट्टी लागतांच पुस्तकांबरोबर ते नियमही कपाटांत ठेवून देतों. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत घरांत फराळाचे डबे भरलेले असतात. ते रिकामे होतात न होतात तोंच नाताळ येतो. आणि त्याच्या मागोमाग तिळगूळ घेऊन संक्रांत दारांत उभी राहते. या अडीच-तीन महिन्यांत आपल्या खाण्यास शिस्त कशी राहावी, आणि वजनाची जी चिंता पुष्कळांस याच दिवसांत ग्रासते तिचें खरें उत्तर कोणतें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रारंभींच सांगून ठेवतों कीं, सणाच्या गोडधोडाविरुद्ध आमची कांहींएक तक्रार नाहीं. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून घरच्या सर्व मंडळींनीं एकत्र बसून फराळ करावा, शेजाऱ्याकडे झांकलेलें ताट जावें व त्याच्याकडून आपल्याकडे यावें, यांत जो आनंद आहे तो आरोग्यालाही पोषकच आहे. गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून नाताळच्या दिवसांत नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांचीं ताटें अशींच शेजारीं-पाजारीं जातात. आणि आमची करंजी व तिकडची नेवरी या सख्ख्या बहिणी आहेत, हें ज्यानें दोन्ही चाखल्या असतील त्यास सांगावयास नको. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सण चार दिवसांचा असतो आणि डबा तीन आठवड्यांचा. अपाय होतो तो बहुधा सणानें नव्हे, तर डब्यानें.

हें नीट समजण्यासाठीं फराळाचे पदार्थ इतके टिकतात कां, तें पाहूं. तळल्यानें किंवा भाजल्यानें पदार्थांतील पाणी निघून जातें. जें थोडें उरतें तें पाकांतील साखर धरून ठेवते. पाणी नसलें म्हणजे बुरशीस व सूक्ष्म जंतूंस वाढण्यास वाव मिळत नाहीं. आमच्या आज्या-पणज्यांनीं हें ज्ञान पुस्तकावांचून मिळविलें होतें. परंतु पाणी गेलें कीं थोड्याशा वजनांत पुष्कळ उष्मांक, म्हणजे कॅलरी, सांठतात. शंभर ग्रॅम पपईंत चाळीसच्या आसपास उष्मांक असतात, तर तितक्याच वजनाच्या तळलेल्या चकल्यांत ते सुमारें पांचशें भरतात. जो गुण पदार्थास टिकवितो, त्याच्याच पोटीं हा धोका आहे.

विद्यार्थ्यांनीं येथें एक सोपें गणित करून पाहावें. एक ग्रॅम पिष्टापासून किंवा प्रथिनापासून शरीरास सुमारें ४ उष्मांक मिळतात, आणि एक ग्रॅम तुपातेलापासून सुमारें ९. समजा, बेसनाच्या एका लाडवांत १५ ग्रॅम बेसन, १० ग्रॅम तूप व १५ ग्रॅम साखर आहे. बेसनाचे सुमारें ५५, तुपाचे ९० व साखरेचे ६०, मिळून दोनशेंहून थोडे अधिक उष्मांक झाले. पन्नास किलो वजनाचा विद्यार्थी तासभर झपाझप चालला तर साधारण तितकेच उष्मांक खर्च होतात. लाडू खाण्यास दोन मिनिटें लागतात व तो जिरविण्यास एक तास. यावरून कोणत्या बाजूस लक्ष देणें अधिक सोपें आहे तें सहज कळेल. परंतु या गणितावरून कोणीं असें समजूं नये कीं, प्रत्येक लाडवाचें प्रायश्चित्त म्हणून तासभर चालावें. शरीर हें वाण्याचें खातें नव्हे. हें गणित प्रमाणाची जाणीव व्हावी येवढ्याचसाठीं दिलें आहे.

फराळाच्या ताटाचें आणखी एक वैशिष्ट्य आहे. लाडू खाऊन गोडाचा वीट आला कीं हात चिवड्याकडे जातो. चिवड्यानें तोंड तिखट झालें कीं शंकरपाळे आठवतात. आणि मग चकली राहिलीच होती असें वाटतें. याचें कारण शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें आहे. १९८१ सालीं बार्बरा रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच प्रकारचें सारण भरलेले पावाचे तुकडे लोकांपुढें ठेवले असतां जेवढे खाल्ले गेले, त्याहून सुमारें एक तृतीयांश अधिक तुकडे चार प्रकारचीं सारणें ठेवल्यावर खाल्ले गेले. एका चवीनें मन तृप्त झालें तरी दुसऱ्या चवीची भूक शिल्लक राहते. तेव्हां पांच पदार्थ ताटांत असले तर आपण अधिक खाणार, हा मनुष्यस्वभावच आहे. त्यासाठीं स्वतःस खादाड म्हणून घेण्याचें कारण नाहीं. ताटांत एका वेळीं दोनच पदार्थ वाढून घ्यावे, हा त्यावरचा साधा उपाय होय.

पूर्वींच्या काळीं या गोष्टींचा फारसा उपद्रव होत नसे. खरिपाचें पीक घरांत येण्याचे ते दिवस, अंगमेहनत भरपूर, आणि लाडू-करंजी वर्षांतून एकदोनदांच दृष्टीस पडावयाची. आज चिवडा व चकली दुकानांत बारमाही मिळतात, आणि सुट्टींत मुलें मैदानाऐवजीं पडद्यासमोर बसतात. त्यांत गोड फसफसत्या पेयांची भर पडते. अशा पेयाच्या तीनशें मिलिलीटरच्या बाटलींत पुष्कळदा तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें कीं, वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावे. दोन हजार उष्मांकांच्या आहारांत ही मर्यादा पन्नास ग्रॅमची होते. एक बाटली व दोन लाडू यांतच ती ओलांडली जाते.

आतां वजनाकडे वळूं. सणांच्या दिवसांत वजन खरोखर किती वाढतें? अमेरिकेंत १९५ प्रौढ स्त्री-पुरुषांचीं वजनें करून २००० सालीं याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, म्हणजे त्यांच्या सणांच्या काळांत, वजन सरासरी अवघें ०.३७ किलो वाढलें होतें. आपलें वजन फार वाढलें अशी जी त्या लोकांची समजूत होती, तिच्या मानानें ही वाढ किरकोळच. परंतु बोध पुढेंच आहे. वाढलेलें हें थोडेसें वजन पुढल्या उन्हाळ्यापर्यंतही उतरलें नाहीं. दर वर्षीं असेंच होत गेलें, तर दहा वर्षांत पावणेचार किलोंच्या जवळपास भर पडावयाची. थेंबे थेंबे तळें सांचतें तें असें.

यावर उपाय आहे, हेंही प्रयोगानें दिसून आलें आहे. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें २७२ प्रौढांवर नाताळच्या दिवसांत एक चांचणी घेतली गेली व तिचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. अर्ध्या लोकांस आठवड्यांतून दोनदां तरी आपलें वजन पाहण्यास, आणि खाण्याचे कांहीं साधे नियम पाळण्यास सांगितलें होतें. उरलेल्यांस केवळ आरोग्याचें एक पत्रक दिलें होतें. पत्रक मिळालेल्यांचें वजन सरासरी ०.३७ किलो वाढलें. नियम पाळणाऱ्यांचें वाढलें नाहीं, उलट किंचित् उतरलें. सण न सोडतांही लक्ष ठेवतां येतें, असा याचा अर्थ आहे.

आमच्या पालकांनीं याकडे विशेष लक्ष देण्याचें एक कारण आहे, आणि तें आमच्याच प्रांतांतील संशोधनानें पुढें आलें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं आपलें स्वतःचेंच उदाहरण एका वैद्यकीय नियतकालिकांत मांडलें. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागून जो देहभार निर्देशांक निघतो, तो दोघांचाही २२.३ होता. परंतु याज्ञिकांच्या शरीरांत मेद २१.२ टक्के होता, आणि युडकिन यांच्या शरीरांत अवघा ९.१ टक्के. दिसण्यांत सडपातळ असलेल्या भारतीय शरीरांतही मेद अधिक व स्नायू कमी असूं शकतात, आणि मधुमेहाचा धोका वाढतो तो याच कारणानें. म्हणून "आमचा मुलगा तर काटकुळा आहे, त्याला कितीही खाऊं द्या" हें म्हणणें बरोबर नाहीं. आणि नुसता काट्यावरचा आंकडा पाहून निश्चिंत होणें किंवा घाबरून जाणें, हेंही बरोबर नाहीं.

येथें विद्यार्थी व विद्यार्थिनी यांस आम्ही अत्यंत कळकळीनें एक गोष्ट सांगूं इच्छितों. वर जे प्रयोग सांगितले ते प्रौढांचे होत. तुमचें शरीर वाढतें आहे. बाराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास उंची झपाट्यानें वाढते आणि तिच्याबरोबर वजनही वाढलेंच पाहिजे. तें न वाढणें हीच काळजीची गोष्ट आहे. दिवाळींत चार लाडू खाल्ले म्हणून पुढें आठ दिवस जेवण सोडणें, डबा चोरून टाकून देणें, मैत्रिणीच्या वजनाशीं आपलें वजन ताडून पाहून झुरणें, हे प्रकार शरीरास व मनास दोहोंसही घातक आहेत. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं ३६ निरोगी तरुणांस स्वखुषीनें सहा महिने अर्धपोटीं ठेवण्यांत आलें होतें. त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांशानें घटलें. पण त्याबरोबर ते चिडखोर व उदास झाले, आणि त्यांच्या मनांत अन्नावांचून दुसरा विचार राहिना. पुढें पोटभर अन्न मिळूं लागल्यावरही कित्येकांस पुरे कोठें म्हणावें हेंच कळेना. उपाशी राहिल्यानें संयम अंगीं बाणत नाहीं, उलट तो ढळतो, हें यावरून ध्यानांत यावें.

पालकांसही आमची एक विनंती आहे. पाहुण्यांच्या देखत मुलास "लठ्ठ्या" म्हणणें, किंवा मुलीच्या ताटांतील करंजी उचलून घेऊन "आधीं स्वतःकडे बघ" असें बोलणें, ही थट्टा नव्हे. तो शब्द मुलाच्या मनांत वर्षानुवर्षें राहतो. मग तें मूल चारचौघांत खात नाहीं, एकांतांत खातें. वजनाविषयीं शंका असेल तर वर्षांतून दोनदां उंची व वजन दोन्ही मोजून तीं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या तक्त्यावर मांडावीं आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलास रोज काट्यावर उभें करूं नये.

आतां पाळण्यास सोपे असे कांहीं नियम देतों.

(१) फराळ हा न्याहारीच्या ऐवजीं असावा, न्याहारीच्या शिवाय वेगळा नसावा. दोन्ही वेळचें साधें जेवण, म्हणजे भाकरी-पोळी, वरण, भाजी, कोशिंबीर, सणांतही चालूं ठेवावें.

(२) डब्यांतून हातानें खाऊं नये. ताटलींत वाढून, बसून, सावकाश खावें. पोट भरल्याची वर्दी मेंदूस पोंचण्यास कांहीं मिनिटें लागतात.

(३) घरांत जेवढीं माणसें तेवढाच फराळ करावा. भाऊबीज झाली कीं उरलेला फराळ वांटून टाकावा. ज्यांच्या घरीं दिवाळी झाली नाहीं त्यांच्याकडे तो आधीं पोंचवावा.

(४) चिवडा भाजक्या पोह्यांचा करावा. एकदां तळणीस वापरलेलें तेल पुनःपुन्हां तापवूं नये.

(५) चार घरीं जावयाचें असेल तर प्रत्येक घरीं एकच पदार्थ घ्यावा. "काकू, चकली फार खुसखुशीत झाली आहे, पण आतां पुरे," असें हंसून सांगितलें तर कोणाचाही अवमान होत नाहीं. यजमानांनींही आग्रह एकदांच करावा. दुसऱ्यांदा "नको" ऐकल्यावर वाढणें हें आदरातिथ्य नव्हे.

(६) तहान लागली तर पाणी किंवा ताक प्यावें.

(७) रोज निदान एक तास मोकळ्या हवेंत खेळावें. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस जागतिक आरोग्य संघटना इतकाच व्यायाम सुचविते. किल्ला बांधण्यासाठीं माती वाहून आणणें हाही उत्तम व्यायामच आहे.

वरील नियमांत पदार्थ वर्ज्य असा एकही सांगितलेला नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. वर्ज्य केलेल्या वस्तूचा मोह दुणावतो. प्रमाणांत घेतलेली वस्तू गोड लागते. सणाच्या महिन्यांत विद्यार्थ्यांनीं वजन घटविण्याचा संकल्प करूं नये. नेहमीचें जेवण, नेहमीची झोंप व नेहमीचा खेळ मोडूं न देण्याचा संकल्प करावा. तो पाळला तर वजनाची काळजी शरीर आपली आपण घेतें. येत्या दिवाळींत आमच्या वाचकांच्या घरीं फराळ चवदार व्हावा, तो सर्वांनीं मिळून खावा, आणि सुट्टी संपून शाळा भरेल तेव्हां डबे रिकामे व मुलें ताजींतवानीं असावीं, अशी इच्छा करून हा लेख पुरा करतों.