तोंडी बोली आणि किमान वेतन

कोल्हापूर

चि. संग्राम यास,

इचलकरंजीच्या यंत्रमागावर मजुरी मीटरवर ठरते. 52 पिकाच्या, म्हणजे इंचात 52 आडवे धागे असलेल्या, कापडाला मीटरमागे अमुक पैसे, हे तिथले माप. किमान वेतन मात्र महिन्याच्या हिशेबाने जाहीर होते आणि त्यातला विशेष भत्ता महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलतो. मालक-कामगारांतल्या तोंडी बोलीतला बहुतेक गुंता या दोन मापांच्या मध्ये असतो.

कायदा बोली मोडत नाही. किती खाली जाता येईल तेवढेच ठरवतो. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या कलम 25 नुसार कामगाराने कमी मजुरीला कबुली दिली, अंगठा उठवला, तरी ती कबुली तेवढ्यापुरती शून्य होती. त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये किमानाखालच्या मजुरीवरचे काम ही वेठच मानली. ‘त्याला मान्य होतं’ हा बचाव नव्या कारखानदाराने तोंडातूनही काढू नये.

किमान दर वाढला की बोली आडवाटेने जाते. वहीत दर पुरा दिसतो. पण चार मागांचे सहा होतात, पाळी लांबते, दिवाळीची उचल वाढते आणि माणूस त्या उचलीला बांधला जातो. व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणणारा खर्चीवाला स्वतःही दुसऱ्याच्या दरावर जगतो, हे खरे. पण त्या दरातली तूट कामगाराच्या पगारातून भरणे बेकायदा आहे आणि शेवटी महागही पडते. 2015 मध्ये तिथे सुधारित किमान वेतनासाठी सायझिंग कामगारांचा, म्हणजे सुताला खळ देणाऱ्यांचा, संप महिन्याहून अधिक चालला. ताण्याची बीमे न मिळाल्याने अनेक मागही बसले.

महिनाअखेर मीटरची मजुरी हजेरीच्या दिवसांच्या किमान वेतनाशी ताडावी, कमी भरल्यास फरक द्यावा. बीम आले नाही म्हणून हजर कामगार बसून राहिला, तर त्याचा खाडा मांडू नये. तो दिवस मालकाच्या खात्यावरचा. नेमल्या तासांपुढच्या कामाला दुप्पट दर लागतो. उचल तारखेसह लिहावी आणि तशीच नोंद कामगाराजवळही असावी. राहायची खोली, जत्रेची सुट्टी, अडीअडचणीला हातउसने या बोलीतल्या गोष्टी खुशाल तोंडीच चालाव्यात. फक्त त्यांची किंमत लावून मजुरी कापू नये.

— काका