यादी खरी ठेव

बोदवड



आपल्या बोदवड तालुक्याची वेबसाइट तू उभी केलीस. गावांची माहिती, कापसाच्या बाजाराच्या नोंदी, शिरसाळ्याच्या मारुतीचं पान, तावडी बोलीतले शब्द, सगळं एका ठिकाणी आलं. आता तू विचारतोस की एवढ्याशा साइटला साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, कशाला, गूगल आपोआप शोधेलच की. माझं मत विचारशील तर मोठ्या वर्तमानपत्रांच्या साइटींपेक्षा आपल्यासारख्यांनाच साइटमॅपची गरज जास्त आहे. मात्र तो खरा असला तरच. खोटा किंवा शिळा साइटमॅप ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा.

शोधयंत्राचा रोबो चालतो कसा ते आधी बघ. तो एका पानावर येतो, तिथल्या लिंका गोळा करतो आणि त्या धरून पुढच्या पानांवर जातो. मुंबई-पुण्याच्या बातमीच्या साइटला शेकडो ठिकाणांहून लिंका असतात. तिच्याकडे जायला चारी बाजूंनी रस्ते आहेत, त्यामुळे रोबो तिथे दिवसातून कितीदा तरी जाऊन येतो. बोदवडच्या साइटला कोण लिंक देणार? तालुका १९९९ चा, साइट त्याहून कितीतरी नवी, आणि आपल्या भागातले बहुतेक दुकानदार, संस्था, शाळा यांच्या स्वतःच्याच साइटी नाहीत, तर ते दुसऱ्याला लिंक कुठून देतील? बाहेरून रस्ता नाही म्हटल्यावर आपण होऊन पत्ता कळवणं एवढंच उरतं. यावर तू म्हणशील की सुमारे ५०० पानांपर्यंतच्या साइटला साइटमॅपची गरज पडेलच असं नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. लिहिलंय खरं, पण पुढचं वाक्यही वाच. आतली सगळी पानं मुखपृष्ठापासून लिंकांनी नीट जोडलेली असतील तर, अशी अट त्याला आहे. आणि साइट नवी असून बाहेरच्या लिंका कमी असतील तर साइटमॅप उपयोगी पडतो, हेही तिथेच सांगितलंय. आपण नेमके त्या दुसऱ्या गटात बसतो. शिवाय तुझी तावडी शब्दांची पानं शोधचौकटीत शब्द टाकल्यावरच उघडतात, त्यांच्याकडे जाणारी एकही लिंक मुखपृष्ठावर नाही. रोबो चौकटीत शब्द टाकत बसत नाही. त्याच्या लेखी ती पानं नाहीतच.

साइटमॅप म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला आठ-अ वरून चटकन कळतं. सातबारा जमिनीच्या एका गटाचा, आणि आठ-अ म्हणजे खातेदाराच्या नावावर जेवढे गट आहेत त्यांची एकत्र यादी. तुझं प्रत्येक पान म्हणजे एकेक सातबारा आणि साइटमॅप म्हणजे आठ-अ. त्यात कुठल्या शेतात काय पिकलं हे नसतं, फक्त कुठे काय आहे एवढंच असतं. पानाचा पूर्ण पत्ता आणि पान शेवटचं कधी बदललं ती तारीख, एवढंच मुख्य. ही तारीख म्हणजे फेरफाराची नोंद समज. साइटमॅपची पद्धत गूगलने जून २००५ मध्ये काढली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्टनेही ती मान्य केली. पुढच्या वर्षी रोबोंना काय बघायचं नि काय नाही ते सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटी या फायलीत साइटमॅपचा पत्ता एका ओळीत लिहायची सोय झाली. ती ओळ तूही लिही, म्हणजे गूगलपुरतंच न राहता बाकीच्या शोधयंत्रांनाही पत्ता मिळेल. एका फायलीत ५०,००० पत्ते मावतात. आपल्याला त्याची चिंताच नाही.

खरी चिंता वेगळी आहे. साइटमॅपमध्ये हवं तर प्रत्येक पानाला त्याचं महत्त्व सांगणारा आकडाही देता येतो, आणि पान किती वेळा बदलतं तेही सांगता येतं. तू सगळ्या पानांना सगळ्यात वरचा आकडा दिलास आणि सगळी रोज बदलतात असं लिहून टाकलंस. गूगल या दोन्ही गोष्टी बघतच नाही, आणि तसं त्यांनी जाहीर सांगितलंय. का बघत नाही याचा विचार कर: जो तो आपलंच पान पहिलं म्हणू लागला, तेव्हा त्या सांगण्याला किंमत उरली नाही. शेवटच्या बदलाची तारीख मात्र अजून विचारात घेतली जाते, पण ती सातत्याने खरी आढळली तरच. तुझी फाइल रोज रात्री आपोआप तयार होते आणि प्रत्येक पानावर आजची तारीख टाकते, पानात काडीचाही फरक नसला तरी. रोबोला दहा वेळा येऊन पान जसंच्या तसं दिसलं की तुझ्या तारखांवर कोण विश्वास ठेवेल? मग ज्या दिवशी कापसाच्या भावाचं पान खरोखर बदलेल, त्या दिवशी ते सांगायला तुझ्याकडे काही राहिलेलं नसेल. तसंच काढून टाकलेली पानं, दुसरीकडे वळवलेले पत्ते, रोबोला मनाई केलेली पानं यादीत ठेवू नकोस. एका कागदावर ये म्हणायचं आणि दुसऱ्यावर येऊ नको, असं होतं ते.

आता आपल्या भाषेपुरती एक बारीक गोष्ट, जी इंग्रजी पुस्तकांत तुला सापडणार नाही. पानाच्या पत्त्यात ‘बोदवड’ लिहिलंस की संगणक त्याची पाच चिन्हं धरतो, प्रत्येकाचे तीन बाइट, आणि साइटमॅपमध्ये एका बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं. म्हणजे चार अक्षरी गावाचं नाव ४५ खुणांचं होतं. त्याला घाबरू नकोस, मराठी पत्ता चालतो. खरा घोटाळा ‘शेतकऱ्यांसाठी’ या पानात आहे. त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरा साध्या र ला हलंत देऊन आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र ते दोन वेगळे पत्ते. यादीत एक आणि साइटवर दुसरा असला, तर रोबो येईल आणि पान सापडत नाही म्हणून परत जाईल. म्हणून पत्ता कधी हाताने टाइप करू नकोस. पान उघडून वरून उचल आणि तोच यादीत घाल.

दुसरा आक्षेप तू घेशीलच. साइटमॅप देऊनही गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये काही पानांपुढे ‘सापडलं, पण अजून अनुक्रमित नाही’ अशा अर्थाचा शेरा येतो, मग उपयोग काय? उपयोग एवढाच की पान आहे हे कळलं. घ्यायचं की नाही ते शोधयंत्र पान बघून ठरवतं. तिथे आपली बाजू लंगडी आहे. जुने लेख तू जुन्या फाँटमध्ये जसे होते तसेच चढवलेस. तो फाँट युनिकोड नाही. पडद्यावर मराठी दिसते, पण खाली रोमन अक्षरांचा काला असतो, आणि रोबो तोच वाचतो. बाजारभावाचे तक्ते तर फोटो म्हणूनच टाकलेस. साइटमॅप रोबोला दारापर्यंत आणतो, आत त्याला वाचता येईल असं काही ठेवणं हे काम वेगळं आणि जास्त कष्टाचं. ते लेख युनिकोडमध्ये करून घे, तक्ते पुन्हा टाइप कर. एका महिन्यात होणार नाही, वर्ष लागलं तरी चालेल.

आणि व्हॉट्सॲपवर गट आहे, मग गूगलवर कोण शोधतंय, असं तुझे मित्र म्हणतात ना? गटातला निरोप गटातच राहतो आणि दोन दिवसांत वर सरकून जातो. ज्याला आपल्या बोलीतला एखादा शब्द पाच वर्षांनी अडेल, तो बहुधा त्या गटात नसेल, सुरतेत किंवा पुण्यात असेल, आणि तो शोधायला गूगलवरच जाईल. इतिहासाचार्य राजवाडे जुनी दप्तरं शोधत गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवरून कागद उतरवले, त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड झाले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात १९२७ पासून आहे. आज तुझ्या तावडीच्या पानांसाठी असा कुणी दारात येणार नाही. येईल तो रोबो, आणि त्याला पत्ता द्यावा लागतो.

तेव्हा या रविवारी साइटमॅपची फाइल उघड आणि एकेका पत्त्यावर जाऊन बघ. उघडत नाही तो काढ, खोट्या तारखा पुसून टाक. तावडीच्या पानांचे पत्ते यादीत घाल आणि त्यांना मुखपृष्ठावरून एक लिंकही दे. झालं की मला कळव, मी इथून शोधून बघतो.

तुझा,
मामा