कासला निघण्याआधी

चि. मनूस,


तू कास पठारावर फुलांचे फोटो काढायला निघणार असल्याचं ताईनं फोनवर सांगितलं आणि मला माझी पहिली खेप आठवली. ॲपर्चरचा आकडा जितका मोठा तितका फोटो शार्प, असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. दिवसभर एफ २२ सोडला नाही. आयएसओ १००, वर सप्टेंबरचं गच्च आभाळ. शटर १/६ सेकंदावर रेंगाळत होतं. आणि पठारावरचा वारा काय माझ्यासाठी थांबणार? सोनकीच्या फुलांचा नुसता पिवळा लगदा आला. ट्रायपॉडवरचे दोन-चार फोटो हलले नव्हते, पण तेही मऊच. इतक्या बारीक भोकातून येताना प्रकाश पसरतो, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं! वर सेन्सरवरची धूळ आभाळभर ठिपके होऊन उमटली.

तेव्हा आधी वारा बघ, मग ॲपर्चर ठरव. फुलं डोलत असतील तर शटर १/२५० च्या खाली उतरू देऊ नकोस. अंधारलं तर आयएसओ बिनधास्त ८०० कर, १६०० कर. फोटो जरा रवाळ दिसेल, दिसू दे.

सगळं पठार हवं असेल तर तुझ्या किट लेन्सच्या १८ एमएमला एफ ८ पुष्कळ झालं. दोन-सव्वादोन मीटरवर फोकस धरलास की साधारण मीटरभरापासून थेट क्षितिजापर्यंत निभावतं. पुढ्यात तेरडा आणि मागे डोंगर, दोन्ही स्पष्ट हवेत? मग एफ ११, फोकस दीड मीटरवर.

खरी परीक्षा सीतेच्या आसवांपाशी. नखाएवढं जांभळं फूल. ५५ एमएमला अगदी जवळ गेलीस की एफ ५.६ ला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शार्प मिळतं. पाकळी साधली तर देठ सुटतो. मी तिथं फूल बाजूनं घेते, कॅमेऱ्याची पाठ देठाला समांतर धरून, म्हणजे देठ नि पाकळी एकाच अंतरावर येतात. मग एफ ८ भागतो आणि मागचं गवतही विरघळून जातं. मात्र त्यासाठी ताटव्यात आडवी होऊ नकोस. हौशी मंडळींनी आधीच पुष्कळ तुडवलंय. वाटेच्या कडेला बसूनही फुलं मिळतात.

लेन्स पुसायला सुती फडकी दोन घे. धुकं उतरलं की काच ओली होते, मग एफ ८ काय नि एफ ११ काय!

तुझी,
मावशी