पानांतील राखणदार

कोल्हापुरास आमच्या घराच्या पडवीत मी एकदा वांग्याची रोपे वाढविली होती. महिनाभर सावलीत वाढलेली ती रोपे मोठी टवटवीत दिसत. पौष महिन्यातील एका सकाळी, हवेत चांगलाच गारठा असताना, मी ती उचलून अंगणातील उघड्या वाफ्यात लावली. ऊन लख्ख पडले होते. पाणीही पोटभर दिले होते. तरीसुद्धा तिसऱ्या दिवशी पानांवर पांढुरके चट्टे उमटले आणि आठवड्याच्या आत बहुतेक पाने कागदासारखी कोरडी झाली. कीड नव्हती, पाण्याचा तुटवडा नव्हता. मग पाने करपली कशाने, आणि तीही थंडीच्या दिवसांत?

मुलांनो, ह्याचे उत्तर समजण्यास आपल्याकडचे गुऱ्हाळ उपयोगी पडेल. काहिलीत उसाचा रस उकळत असतो व खाली चुलवणात जाळ चाललेला असतो. रस भरपूर आहे तोवर मोठा जाळही कामी येतो. परंतु रस आटत आला आणि जाळ मात्र तसाच राहिला, तर गूळ करपलाच म्हणून समजावे. हिरव्या पानाचेही असेच आहे. पानातील हरितद्रव्य सूर्याचा प्रकाश पकडते व त्या शक्तीच्या बळावर हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी ह्यांपासून साखर तयार होते. थंडीत साखर तयार करण्याचे काम मंदावते. प्रकाश पकडण्याचे काम मात्र मंदावत नाही. गुळव्या जाळ कमी करावयास सांगू शकतो. पानाने सूर्यास काय सांगावे?

जास्तीची पुष्कळशी शक्ती पान उष्णतेच्या रूपाने टाकून देते. तरीही काही उरते, ती प्राणवायूकडे जाते. एरवी जीवनदायी असलेला प्राणवायू त्यामुळे उग्र रूप धारण करतो. त्याच्या अशा एका रूपास सुपरऑक्साइड म्हणतात. ही उग्र रूपे हरितद्रव्याचा, प्रथिनांचा व पेशींच्या आवरणांचा नाश करतात. माझ्या रोपांवरील पांढरे चट्टे ही त्यांचीच करणी होती.

ह्या संकटासाठी निसर्गाने पानात राखणदार ठेवले आहेत. ते म्हणजे काही विशिष्ट विकरे. पहिले विकर, सुपरऑक्साइड डिसम्युटेझ, सुपरऑक्साइडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. तेही घातकच, पण त्याचा समाचार घेण्यास कॅटलेझ व पेरॉक्सिडेझ ही दुसरी विकरे सज्ज असतात. ती त्याचे पाणी करून टाकतात. कॅटलेझचा एक रेणू एका सेकंदात हायड्रोजन पेरॉक्साइडचे लक्षावधी रेणू फोडतो! ह्या विकरास १९०१ साली ऑस्कर लोव ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नाव दिले. अमेरिकेत तंबाखूच्या पानांचा अभ्यास करीत असता ते त्यास आढळले. पहिल्या राखणदाराचे कार्य कळण्यास मात्र १९६९ साल उजाडावे लागले. मॅककॉर्ड व फ्रिडोविच ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते उलगडले, आणि तेही पानात नव्हे, तर गुरांच्या रक्तपेशींतील एका प्रथिनात.

कॅटलेझ आपणांसही पाहता येते. औषधांच्या दुकानात जखम धुण्यासाठी सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. शिक्षकांच्या देखत, हाताला न लावता, पालकाचे ताजे पान खलात वाटून त्यावर त्याचे काही थेंब टाका. लागलीच फेस येईल. तो फेस म्हणजे सुटणारा प्राणवायू होय. आता दुसरे पान पाण्यात चांगले उकळून तसेच करून पाहा. फेस येणार नाही. कारण उकळल्याने विकर निकामी होते.

परंतु ह्या राखणदाराची एक मोठी अडचण आहे. ज्या उन्हापासून पानाचे रक्षण करावयाचे, त्याच प्रखर उन्हाने कॅटलेझ स्वतःही नष्ट होत असते. निरोगी पान रोज नवे कॅटलेझ घडवून ही तूट भरून काढते. कडक थंडीत वा अतिशय उष्णतेत प्रथिने घडविण्याचे कामच अडते. जुने राखणदार पडतात, नवे येत नाहीत, आणि ऊन तर चालूच असते. चैत्र-वैशाखात कोल्हापुरात पारा ३७-३८ अंशांवर चढला की पाणी वाचविण्यासाठी पान भर दुपारी आपली रंध्रे मिटून घेते. मग कार्बन डायऑक्साइड आत येत नाही व शक्ती पुन्हा शिल्लक राहते. ऋतू उलटा, पण संकट तेच. आंब्याची व पिंपळाची कोवळी पालवी तांबूस असते, ती केवळ शोभेसाठी नव्हे. तो रंग कोवळ्या पानावर उन्हाची झळ कमी पडू देतो, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

सावलीत वाढलेल्या पानात राखणदार थोडेच असतात, कारण तेथे त्यांची गरजच नसते. ऊन हळूहळू वाढत गेले, तर पान त्यांची संख्या वाढविते. त्यासाठी त्यास काही दिवस लागतात. माझ्या रोपांस मी एक सकाळसुद्धा दिली नव्हती.

पुढील वर्षी मी रोपांची टोपली पहिल्या दिवशी तासभरच उन्हात ठेवली, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे दहा दिवस केले, आणि लावणी तिन्हीसांजेस केली. आमच्याकडचे भाजीपाला करणारे शेतकरी रोपे संध्याकाळीच लावतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. फक्त त्याचे कारण कधी विचारले नव्हते. त्या वर्षीची पाने जराशी लहान, जाड व राठ निघाली. पडवीतल्या रोपांचा तो तजेला काही त्यांना नव्हता. पण त्यांतील एकही पान पांढरे पडले नाही.