अतिचंचल मूल : शिक्षा नको, व्यवस्था हवी

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन वस्त्या आहेत. एक ठाणे शहरात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी घोडबंदर रस्त्यालगत. दुसरी डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शिळ रस्त्यावर. दोन्ही ठिकाणच्या जुन्या वस्तीभोवती आता उंच इमारती उभ्या आहेत. आई-वडील सकाळी लवकर घर सोडतात आणि रात्री थकून परततात. मुलांचा दिवस शाळा, शिकवणी आणि घराच्या चार भिंतींत वाटला गेला आहे. अशा धावपळीच्या जीवनात जे मूल एका जागी बसत नाही, सांगितलेले विसरते आणि हाती घेतलेले काम अर्धवट सोडते, ते घरादाराला जड वाटू लागते.

अशा वस्तीतील तिसरी-चौथीतला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. त्याची वही शाळेत राहते, डबा बाकाखाली राहतो. प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच तो उत्तर देतो. गणित येत असूनही अधिक-उणेच्या चिन्हाकडे त्याचे लक्ष जात नाही. शाळेतून रोज तक्रार येते, घरी रोज बोलणी बसतात. ‘हुशार आहे, पण आळशी आहे’, ‘लाडाने बिघडला आहे’ असे निष्कर्ष निघतात. दोन-तीन वर्षे हेच ऐकल्यावर मुलगाही ते खरे मानू लागतो. मूळ विकारापेक्षा ही स्वतःविषयीची समजूत अधिक नुकसान करते, कारण विकारावर उपाय आहेत. मनातून खचलेल्या मुलाला उभे करणे मात्र अधिक कठीण असते.

विकाराचे स्वरूप

अवधानाची न्यूनता, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही या विकाराची तीन अंगे होत. वैद्यकशास्त्रात तो ‘एडीएचडी’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित विचार करता मुलांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी एक-दोन मुले असणे मुळीच आश्चर्याचे नाही.

हा विकार नव्या जमान्याने किंवा मोबाईलने निर्माण केलेला नाही. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. १९६८ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात त्याची नोंद बालवयातील अतिचंचलता म्हणून झाली. १९८० साली भर अवधानाच्या न्यूनतेवर आला आणि १९८७ साली आजचे नाव रूढ झाले.

विकाराचे मूळ मेंदूच्या विकासात आहे. लक्ष कोठे द्यावे, कोठून काढून घ्यावे, आलेली ऊर्मी क्षणभर कशी रोखावी, यांवर नियंत्रण ठेवणारी मेंदूची यंत्रणा अशा मुलांत सावकाश परिपक्व होते. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २००७ सालच्या अभ्यासात ही परिपक्वता सरासरीने सुमारे तीन वर्षे उशिरा येत असल्याचे दिसले. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मुदतपूर्व जन्म आणि जन्माच्या वेळचे कमी वजन यांचाही संबंध आढळतो. साखर खाल्ल्याने मूल अतिचंचल होते, ही समजूत शास्त्रीय कसोटीवर टिकलेली नाही. आईवडिलांच्या वागण्याने विकार उद्भवत नाही; त्यांच्या वागण्याने तो सुसह्य मात्र होऊ शकतो.

पालकांचा नेहमीचा प्रश्न असा असतो की, हाच मुलगा मोबाईलवर दोन तास खिळून बसतो, मग अभ्यासाला दहा मिनिटे का नाही? याचे उत्तर असे की, या मुलांत लक्षाचा अभाव नसतो. लक्ष इच्छेनुसार वळवण्याची शक्ती कमी असते. मोबाईलवरील खेळ क्षणाक्षणाला नवे चित्र आणि नवे बक्षीस देतो. गणिताच्या वहीचे फळ वार्षिक परीक्षेत मिळणार असते. लांबच्या फळासाठी आज स्वतःला आवरणे, नेमके हेच या मुलांना साधत नाही.

निदान कसे होते

प्रत्येक चंचल मूल विकारग्रस्त नसते. मुलांत अवधानाची किंवा चंचलता-उतावळेपणाची ठरावीक नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ दिसावी लागतात. त्यांची सुरुवात वयाच्या १२ वर्षांपूर्वी झालेली असावी, ती घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावीत आणि त्यांमुळे जीवनात खरोखर अडथळा यावा. केवळ घरी किंवा केवळ एकाच शिक्षकासमोर मूल अस्वस्थ होत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागते.

रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने हे निदान होत नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ मुलाला तपासून, पालकांशी बोलून आणि शिक्षकांकडून माहिती घेऊन ते करतात. दृष्टी, श्रवण, अपुरी झोप, रक्तक्षय, कंठग्रंथीचे विकार, अपस्मार, चिंता यांची शहानिशा आधी करावी लागते. वाचन-लेखनाची अध्ययन-अक्षमता अनेकदा सोबत असते, तिचीही स्वतंत्र चाचणी आवश्यक ठरते.

मुलींच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. त्यांच्यात धावपळीपेक्षा अवधानाची न्यूनता अधिक दिसते. शेवटच्या बाकावर शांतपणे हरवून बसलेल्या मुलीची कोणी तक्रार करीत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

घरातील व्यवस्था

या विकारात मुलाला काय करावे हे बहुधा ठाऊक असते; ऐन वेळी ते करणे जमत नाही. म्हणून उपदेश वाढवून उपयोग होत नाही. मनात जे टिकत नाही ते डोळ्यांसमोर मांडावे, हे सर्व उपायांचे सूत्र आहे.

सूचना दुसऱ्या खोलीतून ओरडून देऊ नये. मुलाजवळ जाऊन, त्याचे लक्ष वेधून, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि ती त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावी. सकाळच्या कामांचा चित्रमय तक्ता भिंतीवर लावावा. काम झाले की मुलाने स्वतः खूण करावी. दप्तर रात्रीच भरून दाराजवळ ठेवावे. अभ्यासाचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडावेत, समोर घड्याळ ठेवावे आणि मधल्या वेळात मुलाला हालचाल करू द्यावी. अभ्यासाच्या जागेवरून दूरदर्शन संच दिसू नये आणि मोबाईल हाताशी नसावा.

चांगल्या वागणुकीची दखल तत्काळ घ्यावी. महिनाअखेरच्या सायकलीपेक्षा आज संध्याकाळी मिळणारा एक तारा अधिक परिणाम करतो. चुकीचा परिणामही लहान, तत्काळ आणि आधी ठरलेला असावा. आई एक सांगते, वडील दुसरे आणि आजी तिसरे, असे झाल्यास व्यवस्था कोलमडते. मारहाणीने मूल तेवढ्यापुरते थांबते, परंतु स्वतःला आवरायला शिकत नाही.

पुरेशी झोप आणि रोजचा मैदानी खेळ यांना पर्याय नाही. इमारतीच्या आवारात लंगडी, पकडापकडी किंवा सायकल यांसाठी तासभर राखून ठेवावा. दोन्ही मानपाड्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी महत्त्वाची आहे. घोडबंदर आणि कल्याण-शिळ हे दोन्ही अवजड वाहनांचे रस्ते आहेत. उतावळे मूल रस्त्यापलीकडचा मित्र पाहते, येणारा ट्रक पाहत नाही. वय वाढले तरी अशा मुलाला रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाची सोबत अधिक काळ द्यावी.

शाळेची भूमिका

मुलाला शिक्षकांजवळ, दार-खिडकीपासून दूर बसवावे. दहा गणिते एकदम न देता पाच-पाच द्यावीत. फळा पुसणे, वह्या वाटणे अशी उठण्याची रीतसर कामे सोपवावीत. शिक्षा म्हणून मधली सुट्टी कापणे उलट फळ देते, कारण हालचालीची गरज याच मुलांना सर्वाधिक असते. घर आणि शाळा यांच्यात रोज दोन ओळींची नोंदवही फिरावी आणि त्या दोन ओळींपैकी एक तरी चांगली असावी.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शाळेत मनाई आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत या विकाराची स्वतंत्र नोंद नाही. विशिष्ट अध्ययन-अक्षमतेची मात्र आहे. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात १९९६ साली झाली. म्हणून दोन्ही अडचणी एकत्र असल्यास वेळीच चाचणी आणि प्रमाणपत्र घेणे हिताचे ठरते.

औषधोपचार

सहा वर्षांखालील मुलांत प्रथम पालकांचे प्रशिक्षण आणि वर्तनोपचार यांवर भर असतो. त्यापुढील वयात, त्रास अधिक असल्यास, डॉक्टर औषध सुचवितात. मेथिलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटिन ही त्यांतील प्रमुख होत. अनेक मुलांत त्यांचा चांगला उपयोग होतो. भूक मंदावणे, झोप कमी होणे असे दुष्परिणाम संभवतात, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांवर नियमित लक्ष ठेवले जाते. औषध स्वतःहून सुरू करणे, मात्रा बदलणे किंवा दुसऱ्याच्या मुलाचे औषध देणे धोक्याचे आहे. औषधाने मूल शांत ऐकू शकते. काय ऐकायचे ते मात्र घर आणि शाळेनेच शिकवावे लागते.

प्रौढांमधील विकार

वयात आल्यावर हा विकार आपोआप जातो, असे पूर्वी मानले जाई. आता असे दिसते की, अनेकांत तो कमी-अधिक प्रमाणात पुढेही राहतो. प्रौढांत त्याचे प्रमाण अंदाजे अडीच टक्के आहे. बाह्य धावपळ कमी होते, परंतु आतली अस्वस्थता राहते. वीजबिलाची मुदत टळते, रेल्वेचा पास घरी राहतो, रोजची लोकल दोन मिनिटांनी चुकते, नोकऱ्या बदलत राहतात, रागाच्या भरात शब्द निघून जातो. मुलाच्या निदानाच्या वेळी डॉक्टरांचे प्रश्न ऐकताना एखाद्या पित्याला आपलेच बालपण आठवते. ज्या गोष्टींसाठी तो मुलाला रागावत आला, त्याच गोष्टींसाठी त्याने स्वतः मार खाल्लेला असतो. अशा पित्याची तपासणी झाल्यास दोघांचाही फायदा होतो.

प्रौढांनाही तेच सूत्र लागू पडते. किल्ली, पास आणि पाकीट यांची दाराशी एकच जागा असावी. प्रत्येक काम त्याच क्षणी एकाच वहीत लिहावे. मोबाईलचा गजर निघण्याच्या वेळेचा लावू नये, तयारीला लागण्याच्या वेळेचा लावावा. मोठ्या कामाचे पहिले पाऊल लहान ठेवावे. समुपदेशन आणि आवश्यक तेथे औषध यांचा लाभ प्रौढांनाही होतो.

मदत कोठे मिळेल

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तपासावयाच्या दोषांच्या यादीत या विकाराचा समावेश आहे. अंगणवाडी आणि शासकीय शाळांत येणाऱ्या पथकाला पालकांनी आणि शिक्षकांनी आपली शंका अवश्य सांगावी. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून कार्यरत आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्थाही ठाण्यातच आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध असून १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो.

मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे मुलावर वेडेपणाचा शिक्का मारणे, ही भीती अजूनही अनेक घरांत आहे. वस्तुतः ‘आळशी’, ‘मस्तीखोर’, ‘बिनडोक’ हे शिक्के त्या मुलावर आधीच बसलेले असतात. योग्य निदानाने ते पुसता येतात. मुलाची दृष्टी अधू असल्याचे कळल्यावर पालक त्याला रागावत नाहीत, चष्मा आणून देतात. भिंतीवरचा तक्ता, दाराजवळचे दप्तर आणि संध्याकाळचा तारा हा अवधान अधू असलेल्या मुलाचा चष्माच होय. तो जितका लवकर मिळेल, तितके त्या मुलाचे बालपण सुखाचे होईल.