अनुशेषाचे मोजमाप आणि ग्रामीण युवक

प्रादेशिक असमतोल हा शब्द आता ग्रामसभेतही ऐकू येतो. तो मोजावा कसा, याचा विचार मात्र क्वचितच होतो. महाराष्ट्रात हे मोजमाप पद्धतशीरपणे केले ते प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने. १९८३ साली नेमलेल्या या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य आदी क्षेत्रांत एखादा जिल्हा राज्याच्या सरासरीहून जितका मागे, तितका त्याचा अनुशेष, ही तिची कसोटी. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये भरला. त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटींचा.

कसोटी सुबोध होती. परंतु तिचे एकक जिल्हा होते. समान क्षेत्राच्या दोन तालुक्यांपैकी एकात तीस टक्के आणि दुसऱ्यात दोन टक्के जमीन ओलिताखाली असेल, तर सरासरी सोळा टक्के येते. हे सोळा टक्के प्रत्यक्षात कोणत्याच गावाचे नसतात!

कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ पासून ते हिंगोलीत आले. नांदेड-हिंगोली मार्गावरील या परिसरात इसापूर धरणाच्या पाण्याने केळी, ऊस व हळद ही पिके स्थिरावली. कोरडवाहू गावांतील तरुणांना मात्र खरीप आटोपला की ऊसतोडीची किंवा शहराची वाट धरावी लागते. सरासरीत ही दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळून जातात.

पाणी आले म्हणजे संधी आली, असेही नव्हे. हळद गावात शिजते, वाळते, पॉलिश होते. दळण, वेष्टन व विक्री यांतील रोजगार बहुतांशी बाहेरच्या पेठेत जातो. विकसनशील देशांत भांडवल व कुशल माणसे आधीच पुढारलेल्या भागाकडे ओढली जातात, हे अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिरदाल यांनी १९५७ मध्ये दाखविले होते. शिकलेला मुलगा नांदेड-पुण्यास जातो, तेही याच ओघाने.

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. गावपातळीवरील मोजणी मात्र कोणत्याही मंडळावाचून होऊ शकते. नजीकची औद्योगिक प्रशिक्षण संस्था किती अंतरावर, जाण्यायेण्याचे भाडे किती आणि परतीची शेवटची बस केव्हा, या तीन नोंदी ग्रामपंचायत विकास आराखड्यात शिक्षकांच्या साहाय्याने सहज घेता येतील. मुलींच्या बाबतीत शेवटच्या बसची नोंद आधी घ्यावी. पुष्कळदा प्रवेशाचा निर्णय तिच्यावरच ठरतो.